आईची हिरवी ओळ

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणते, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. कतारला आल्यापासून ही भिंगरी जास्तच फिरायला लागली, कारण इथे माणूस एक तर कामावर असतो, नाहीतर खोलीत, आणि खोलीत चार पलंग टाकल्यावर फिरायला जागा उरत नाही. मग पायांऐवजी हात चालतात. मी खोलीतला पंखा उगाच खोलला आहे, धडधाकट इस्त्री खोलली आहे, आणि रत्नागिरीकडच्या माझ्या रूममेटच्या शिव्या खाल्ल्या आहेत. हा रूममेट पोर्टवर ट्रेलर चालवतो, वयाने मोठा आहे, म्हणून मी त्याला भाई म्हणतो.

माझं काम हमद पोर्टवर. मासे, मटण, फळं, औषधं असा नाशवंत माल थंड कंटेनरमधून येतो. त्या कंटेनरला आम्ही रीफर म्हणतो. जहाजातून उतरले की त्यांना विजेची वायर जोडायची आणि आतली थंडी टिकतेय ना, ते बघत रांगांमधून फिरायचं. प्रत्येक रीफरला एक छोटा पडदा असतो. आत काही बिनसलं की त्यावर आकडा चमकतो. आकडा बघून मी बिघाड ओळखतो, झाकण उघडतो, दुरुस्त करतो. बाहेर भट्टी पेटलेली असते आणि आत कोळंबी आरामात गारठलेली असते. पण रीफर कधी खोटं बोलत नाही. त्याच्या पोटात दुखलं तर तो सांगतो, हे मला फार आवडतं.

माणसांचं तसं नाही. निदान आमच्या गावाकडच्या माणसांचं तरी नाही. आमच्याकडे परदेशात असलेल्याला वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. त्याचा जीव टांगणीला लागेल, कामात लक्ष लागणार नाही, नोकरी सोडून पळत येईल, म्हणून सगळा गाव मिळून त्याच्यापासून लपवतो. वडील गेले तेव्हा मी इथे नवा होतो. फोनवर सगळे सांगत होते, थोडा ताप आहे, सलाईन लावलंय, तू काळजी करू नकोस, जेवलास का. मी जेवलो होतो. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, खरं सांगितलं तेव्हा सगळं आटोपून लोक आपापल्या घरी गेले होते. मी ओरडणार तरी कुणावर? सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं होतं. पण तेव्हापासून फोनवर कुणी ‘बरं हाय’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि आई दुसरं काही बोलतच नाही. वडिलांच्या मागे तिला बीपी सुरू झालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताईने मशीन आणून दिलं, पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं. ताईचं सासर लांब, त्यामुळे आई घरात एकटीच. मी फोन करून विचारायचो, कसं आहे? बरं हाय. मशीन लावलंस का? लावलं. आकडा किती आला? आकडा बी बरा हाय. ह्यापुढे विचारलं की ती शेजारणीच्या म्हशीवर घसरायची.

ह्याच सुमारास मी वेब पेज बनवायला शिकत होतो. त्याला कारण लुसैल, इथलं नवं चकाचक शहर. एका शुक्रवारी मी आणि भाई तिकडे नुसतेच भटकायला गेलो होतो. एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर काचेमागे आपल्याकडचाच दिसणारा एक पोरगा लॅपटॉपवर काम करत बसला होता, आणि त्याने जाकीट घातलं होतं. त्याला थंडी वाजत होती! बाहेर आमच्या शर्टाचं पोतेरं झालेलं. मी तिथेच ठरवलं की माशांची थंडी सांभाळणं पुरे, आता आपल्याला थंडी वाजली पाहिजे. भाई म्हणाला, “हे बघ, तुला आता ताप आलाय. घरी चल.”

एका मित्राचा जुना लॅपटॉप मिळाला. हिंदीतून शिकवणारे फुकटचे व्हिडिओ मिळाले. पहिलाच धडा होता, वापरणाऱ्याला संदेश कसा दाखवायचा. एक ओळ लिहायची, पान उघडायचं, की मधोमध एक चौकट उभी राहते. चौकटीत तुम्ही लिहिलेला मजकूर आणि खाली एकच बटण, ओके. ते दाबेपर्यंत पान पुढे हलत नाही. मला तर हे जादूसारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी बोललो आणि समोरच्याला थांबावं लागलं.

भाईला मी पकडून आणलं. चौकटीत लिहिलं होतं, ‘भाई, तुमची बनियन माझ्या पलंगावर का?’ त्याने मोबाईल हातात घेतला आणि चौकट दिसताक्षणी ओके दाबलं.

“काय लिहिलं होतं?” मी विचारलं.

“कुठे?”

“आत्ता आलं ते.”

“मला काय ठाऊक. चौकट आली, ओके दाबला, खलास.”

मी पुन्हा दाखवलं, त्याने पुन्हा दाबलं. मग त्याने मला समजावलं. इथे आल्यापासून मोबाईलवर अरबी येतं, इंग्रजी येतं, कंपनीचं येतं, सिमवाल्याचं येतं. सगळं वाचत बसलं तर ट्रेलर कुणी चालवायचा? म्हणून ओके. मला पटलं, कारण मीही तेच करत होतो. आमच्या अख्ख्या मजल्यावर चौकट वाचणारा माणूस सापडला नसता.

पुढच्या धड्यात पानावरच मजकूर छापायची ओळ होती. ती मी बटणाला जोडली. भाईने बटण दाबलं आणि सगळं पान पुसलं गेलं. नाव, रंग, मी मोठ्या हौसेने टाकलेलं जहाजाचं चित्र, सगळं गायब. पांढऱ्या पानावर कोपऱ्यात फक्त ‘धन्यवाद’ उरलं. भाई दचकून म्हणाला, “मी काही केला नाय हां!” नंतर व्हिडिओतल्या मास्तरांनी सांगितलं की पान पूर्ण उघडल्यावर ती ओळ वापरली की ती आधीचं सगळं खोडून स्वतःच उरते. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी लॅपटॉपला विचारलं. खरी रीत पुढे आली. पानावर एक रिकामी जागा ठेवायची, तिला नाव द्यायचं आणि संदेश त्या जागी नेऊन बसवायचा. बाकीचं पान जसंच्या तसं राहतं.

ही रीत जमली त्या दिवशी माझे हात शिवशिवायला लागले. मी आईसाठी पान करायचं ठरवलं. वर मोठ्या अक्षरात ‘आईचं बीपी’, खाली वरच्या आकड्याची जागा, मग खालच्या आकड्याची जागा, मग ‘बघ’ असं बटण. आकडे ठीक असतील तर हिरवी ओळ यायची, ‘सगळं ठीक आहे.’ जास्त असतील तर लाल, ‘धोका! लगेच डॉक्टरकडे जा!’ ही लाल ओळ लिहिताना मला काहीच विचार करावा लागला नाही. पोर्टवर जिथे तिथे लाल पाट्या असतात आणि त्यांच्यावर धोकाच लिहिलेला असतो. मी दिवसभर जे वाचत होतो तेच आईला वाचायला दिलं.

फुकटात पानं ठेवता येतात अशा एका ठिकाणी ते चढवलं आणि दुवा आईला पाठवला. ताईने फोनवर बसून तिला शिकवलं. आई सातवीपर्यंत शिकलेली, वाचायला चोख. मी सांगितलं, रोज सकाळी आकडे टाक आणि काय येतं ते मला कळव. माझा हिशेब साधा होता. आई माणसाला ‘बरं हाय’ म्हणून फसवील, पानाला कशी फसवणार?

सुरुवातीचे दोन-तीन दिवस ती काहीच बोलली नाही. रेंज नव्हती म्हणाली. मग सकाळी बसमध्ये मला व्हॉट्सॲपवर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज यायला लागला. उन्हाळ्यात दुपारचं बाहेरचं काम बंद असतं, म्हणून आम्ही उजाडायच्या आत निघतो. बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले, आणि माझ्या कानात आई म्हणायची, “हिरवी आली रं.” एवढंच. ती तीन शब्दांची बातमी ऐकली की मी उतरून रांगांकडे जवळजवळ पळत जायचो. भाईला मी रोज सांगायचो आणि तो रोज म्हणायचा, “माशाल्ला, आता मला झोपू दे.”

तरी आत काहीतरी टोचत होतं. रोज हिरवी? एखादा दिवसही नाही? पण मी ते ढकलून दिलं. मला हिरवी हवी होती.

मी तरी तिला काय सांगत होतो? त्याच उन्हाळ्यात एकदा मला रांगेतच भोवळ आली. सोबतच्या माणसाने धरून सावलीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं. त्या संध्याकाळी आईने विचारलं, कसा हाईस? मी म्हणालो, मजेत. आमच्या घराण्यात हे रक्तातच असावं.

नागपंचमीला ताई माहेरी आली. सकाळी मी बसमध्ये आईच्या आवाजाची वाट बघत होतो, आणि फोन आला तो ताईचा.

“आरं, ही खोटं भरतीया,” ताई म्हणाली. ती अंगणात येऊन दबक्या आवाजात बोलत होती. “म्या समोर बसून पट्टा बांधला. आकडा बघून पुन्ना बांधला, तरी त्योच. आन् हिनं मोबाईल घेतला न् भलतंच टाकलं. म्हनली, आसं टाकलं की हिरवी येती.”

“किती होता?”

ताईने आकडा सांगितला. मी इथे लिहीत नाही, आजही नको वाटतं. मी बसमध्ये उभा राहिलो. ड्रायव्हर आरशातून ओरडला, “बैठो भाई, बैठो!” मी बसलो, परत उठलो. बस समुद्राच्या बाजूने सरळ रस्त्याने चालली होती आणि मला तिथून कुठेच जाता येत नव्हतं. वडिलांच्या वेळी निदान मला माहीत नव्हतं. ह्या वेळी माहीत होतं आणि तरी मी तिथेच बसलो होतो.

“तिला घेऊन निघ,” मी म्हणालो. “सण राहू दे.”

“निघालोच. पर ती चुलीपाशी बसलीया. म्हनती, पुरनाची दिंडं झाल्याबगार हलनार न्हाई.”

त्या दिवशी मी कसं काम केलं, देव जाणे. पडद्यावरचे आकडे वाचत होतो आणि पुढच्या रीफरपर्यंत विसरत होतो. मोबाईल खिशातून काढत होतो, ठेवत होतो. एकीकडे आईचा राग येत होता, दुसरीकडे भीती वाटत होती. दुपारी ताईचा संदेश आला. डॉक्टरांनी तपासलं, गोळी बदलली, आणखी एक वाढवली. म्हणाले, वेळेत आणलंत, असंच अंगावर काढलं असतं तर निभावलं नसतं. मी आमच्या विश्रांतीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, रडलो. एकाने पाण्याची बाटली सरकवली.

संध्याकाळी आईला फोन केला. भांडायचं ठरवूनच केला होता.

“का केलंस असं?”

“तू जेवलास का?”

“आई!”

मग म्हणाली, “पैल्या दिशी लाल आली. धोका म्हनून. माजा जीवच गेला. म्हनलं, तिकडं ह्यानं बघितलं आसनार. उन्हात लोखंडाच्या डब्यांवर चढतंय पोरगं, सकाळीच धोका बघून त्याचा हात सुटला तर? मग दुसऱ्या दिशी कमी टाकलं. पुन्ना लाल. आजून कमी टाकलं. तवा हिरवी आली.”

“ह्यानं बघितलं म्हणजे?”

“म्हंजी तू. तू बघतूस न्हवं तिकडनं?”

मला क्षणभर कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. मला तेव्हा जेवढं येत होतं तेवढ्यात संदेश फक्त समोरच्याला दाखवता यायचा. पान तिच्या मोबाईलवर उघडायचं, तिच्याच मोबाईलवर ओळ यायची आणि तिथेच संपायची. माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. हे तिला सांगायला हवं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“आई, मला काहीच दिसत नाही. हिरवी नाही, लाल नाही. ते फक्त तुलाच दिसतं.”

“मग बघत कोन हुतं?”

“कुणीच नाही. तू आणि तुझा मोबाईल.”

“आगं बया,” आई म्हणाली. “आन् म्या रोज तोंड धुवून, डोक्यावर पदर घिऊन बसत हुते त्या म्होरं. तुला बरी दिसावी म्हनून.”

भांडण तिथेच विरघळलं. मला हसू आलं. पलीकडे ताई मोठ्याने हसत होती आणि आई तिला गप म्हणत होती. कुणालाही न दिसणाऱ्या एका पानाला माझी आई रोज खोटं सांगत होती, आणि ते खोटं तिचा जीव घेणार होतं.

“आता खरं टाकशील?”

“टाकीन. पर ते धोका काढ. मानसाला आसं बोलत्यात व्हय?”

“मग काय लिहू?”

आईला विचारायचं मला त्याआधी सुचलंच नव्हतं. तिने फारसा वेळ घेतला नाही. “लिही,” ती म्हणाली, “बस जरा. पानी पी. मग मला फोन कर.”

“मला म्हणजे कुणाला?”

“तुला! तूच लिवतूयास न्हवं?”

मी तिच्याच बोलीत लिहिलं. ओळीचा लाल रंग काढून साधा काळा केला. हिरवी ओळ मी काढूनच टाकली, कारण तिच्यासाठीच सगळं घडलं होतं. आकडे ठीक असले की आता फक्त ‘गोळी घेतलीस का?’ येतं. लुसैलच्या त्या पोराने माझं हे पान बघितलं तर हसेल. हसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज आला नाही, फोन आला. “बसले, पानी पिले, आता तुला केला,” ती म्हणाली आणि आकडा सांगितला. चांगला नव्हता, पण खरा होता. मी बसमध्ये बसून राहिलो.

मग ती म्हणाली, “तुजं पान कुटं हाय?”

“माझं कसलं?”

“तुज्या दाजींनी सांगितलं. तू चक्कर येऊन पडलास म्हनं. मला म्हनलास मजेत. तूबी बनीव एक. मला न्हाई दिसलं तरी चालंल, पर तू दाबत जा.”

दाजींना भाईने सांगितलं होतं. दोघांनी एकमेकांचे नंबर कधी घेतले कोण जाणे. मी भाईवर चिडलो तर तो म्हणाला, “तुझ्या घरात कोणीतरी खरा बोलायला नको?”

मी पान बनवलं. आकडे नाहीत, दोनच बटणं, ‘बरा आहे’ आणि ‘बरा नाही’. बरेच दिवस मी उघडलंच नाही. आपणच लिहिलेलं आपणच वाचायचं, त्यात काय आहे? पुढे गरमीचा एक असा दिवस आला की हवेत ओल भरून राहिली होती, श्वास घेतला तरी घाम फुटत होता, आणि रांगेत उभं असताना कानात शिट्टी वाजायला लागली. मी सावलीत गेलो. सवयीने म्हणालो असतो, काही नाही. मोबाईल काढला आणि पान उघडलं. बराच वेळ दोन्ही बटणांकडे बघत राहिलो. बघणारं कुणी नव्हतं. मग ‘बरा नाही’ दाबलं.

रिकाम्या जागी ओळ आली. ‘बस जरा. पानी पी. मग मला फोन कर.’

अक्षरं मीच टाकलेली होती, पण ती मी आईच्या आवाजात वाचली. मी बसलो. पाणी प्यायलो. फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “आता खरं सांग.”